मॉनिटरिंग टूल हँग झालं, आता काय? व्हर्च्युअल सर्व्हरवरचा डेटाबेस सांभाळणाऱ्या नव्या मंडळींसाठी

रत्नागिरी, कुडाळ, महाड, अलिबाग अशा गावांत बसून मुंबईच्या डेटा सेंटरमधला व्हर्च्युअल सर्व्हर सांभाळणारी बरीच मुलं-मुली आता आहेत. कुणाकडे पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, कुणाकडे हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट, कुणाकडे तारकर्लीच्या होमस्टेचं बुकिंग. मागे मायएसक्यूएल नाहीतर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि त्यावर लक्ष ठेवायला इनोटॉप, मायटॉप, पीजी_ॲक्टिव्हिटी असं एखादं टूल. आंब्याचा हंगाम ऐन भरात असतो किंवा गणपतीला चार दिवस उरलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच हे टूल हँग होतं. आकडे हलत नाहीत, क्यू दाबलं तरी बाहेर पडत नाही, आणि ऑफिसमधून फोन सुरू होतात.

अशा वेळी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. तो हात पाच मिनिटं थांबवावा, एवढ्यासाठी हा लेख. टूल गोठलं म्हणून डेटाबेस गोठलेला असेलच असं नाही. अडायच्या जागा चार आहेत: तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतचं कनेक्शन, खुद्द व्हर्च्युअल मशीन, ते टूल, आणि डेटाबेस. कुठे अडलंय ते कळायच्या आत डेटाबेस रीस्टार्ट केला तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते, आणि पुरावाही पुसला जातो. एखादं मोठं ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर असेल तर मायएसक्यूएल पुन्हा उठल्यावर तेच मागे फिरवत बसतं. म्हणजे वेळही वाचत नाही.

हाताशी काय हवं

हे सगळं शांत दिवशी जमवून ठेवायचं.

- होस्टिंगच्या पॅनलचं लॉगिन. दुसऱ्या टप्प्याचा कोड एसएमएसवर ठेवू नका, ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा. वादळात मोबाइलचा टॉवर बंद पडला की एसएमएस येत नाही. ॲपला कोड काढायला नेटवर्क लागत नाही. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.
- सर्व्हरवरच्या एका युजरचा पासवर्ड. एसएसएच किल्लीने आत जायची सवय असते, पण पॅनलमधला ब्राउझर कन्सोल किल्ली घेत नाही, पासवर्ड मागतो. ऐन वेळी हे कळलं तर कन्सोल असून नसल्यासारखा.
- इंटरनेटच्या दोन वाटा: घरचा फायबर, आणि शक्यतो वेगळ्या कंपनीचं सिम असलेला मोबाइल.
- सर्व्हरवर आधीच बसवलेली पॅकेजेस: सिसस्टॅट (मशीनचे आकडे गोळा करणारं), एसट्रेस (प्रोसेस कशापाशी थांबलीय ते दाखवणारं), एलएसओएफ (उघड्या फाइली आणि सॉकेटची यादी), टीमक्स (नेट तुटलं तरी सर्व्हरवर चालू राहणारं टर्मिनल). अडकलेल्या मशीनवर नवीन पॅकेज बसवणं म्हणजे दुखण्यात भर. डेबियन आणि उबुंटूवर सिसस्टॅट बसवलं तरी मागचा इतिहास गोळा करणं वेगळं सुरू करावं लागू शकतं. ते चालू आहे ना, ते 'सार' चालवून बघून घ्या.
- बॅकअप, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नक्कल) यांच्या वेळांची यादी, भारतीय वेळेत. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, म्हणजे आपल्या ५ तास ३० मिनिटं मागे. लॉगमध्ये २०:३० दिसतं तेव्हा इथे रात्रीचे २ वाजलेले असतात. हे लक्षात न आल्यामुळे कारण डोळ्यांसमोर असून सापडत नाही.

१. दुसरी खिडकी उघडा, पहिलीला हात लावू नका

गोठलेली खिडकी तशीच राहू द्या. तिचा फोटो किंवा स्क्रीनशॉट घ्या, वेळ लिहून ठेवा. मग दुसरं टर्मिनल उघडून नव्याने लॉगिन करा.

लॉगिन झटकन झालं आणि 'अपटाइम' लगेच उत्तर देत असेल तर मशीन ठीक आहे. टूल आणि डेटाबेस तपासा, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या पायरीवर जा. लॉगिन झालं, पण प्रत्येक कमांडला रखडायला होतंय, तर तिसरी पायरी. लॉगिनच होत नसेल तर दुसऱ्या वाटेने, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा, आणि तेही नाही जमलं तर पॅनलमधला कन्सोल उघडा. कन्सोलवर सगळं सुरळीत असेल तर दोष तुमच्या आणि सर्व्हरच्या मधल्या रस्त्यात आहे.

२. कनेक्शन

कोकणात हा पहिला संशयित. पावसाळ्यात खांबावरच्या केबलवर फांदी पडते, लाइट जाते, राउटर इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर बंद होतो. त्यामुळे नेट गेलं म्हणून सोडून द्यायची सवय लागते, आणि खरं दुखणं तसंच राहतं. उलटही होतं: नेटच गेलेलं असतं आणि आपण सर्व्हर उचकत बसतो. म्हणून हे नीट समजून घ्या.

मॉनिटरिंग टूलमध्ये तुम्ही फक्त पाहत असता. तुमच्या बाजूने काहीच पाठवलं जात नाही. मधला रस्ता तुटला तरी तुमच्या लॅपटॉपला त्याचा पत्ता लागत नाही, कारण त्याने काही पाठवलंच नाही तर उत्तर आलं नाही हे त्याला कळणार कसं? शेवटचं चित्र पडद्यावर तसंच राहतं आणि टूल हँग झाल्यासारखं दिसतं. तिकडे सर्व्हर मात्र पडदा पाठवत राहतो, पोच मिळत नाही म्हणून तेच पुन्हा पाठवतो, आणि लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण पंधरा मिनिटांनी नाद सोडतो. तोवर टूल आणि त्याचं डेटाबेसमधलं कनेक्शन दोन्ही जिवंत असतात.

उपाय सोपा आहे. लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' १५ ठेवा. मुळात ते ० असतं, म्हणजे बंद. 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स' मुळात ३ असतं, म्हणून कनेक्शन मेलं तर साधारण ४५ सेकंदांत एसएसएच स्वतः सांगून बाहेर पडेल. अडकलेली खिडकी सोडवायची असेल तर एंटर दाबून मग टिल्ड आणि टिंब, हे दोन एकापाठोपाठ टाइप करा. एसएसएच तिथल्या तिथे तुटतं, टर्मिनल बंद करावं लागत नाही.

टूल नेहमी टीमक्सच्या आत चालवा. नेट गेलं तरी ते सर्व्हरवर चालू राहतं आणि परत आल्यावर तुम्ही तिथेच येता. फायबर आणि हॉटस्पॉट अशी सतत अदलाबदल होत असेल तर मॉश (एसएसएचसारखंच दुरून लॉगिन करायचं टूल) वापरून बघा. आयपी बदलला तरी त्याचं सेशन तुटत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६०००० ते ६१००० मधले काही पोर्ट उघडावे लागतात.

आता एक फसवा प्रकार. लॉगिन होतं, छोट्या कमांडी चालतात, पण टूल सुरू केलं किंवा लांबलचक यादी मागितली की गोठतं. दरवेळी, हमखास. हे दिसलं की एमटीयू, म्हणजे नेटवर जाणाऱ्या डेटाच्या एका पाकिटाचा (पॅकेटचा) कमाल आकार, तपासा. इथरनेटवर पाकिटाचा कमाल आकार १५०० बाइट. फायबरचं कनेक्शन पीपीपीओईवर (राउटरमध्ये युजर-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) असेल तर तो १४९२ होतो, आणि मधे व्हीपीएन असेल तर आणखी कमी. मोठं पाकीट मधेच टाकून दिलं गेलं आणि तसा निरोपही परत आला नाही, तर लहान पाकिटं जातात आणि मोठी गडप होतात. तपासायला पाकीट तोडू नका असं सांगून पिंग करा: लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस १४७२', विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४७२', पुढे सर्व्हरचा पत्ता. १४७२ मध्ये २८ बाइटचे हेडर मिळवले की १५०० होतात. १४७२ जात नाही आणि १४६४ जातं, तर तुमची मर्यादा १४९२. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकिटं आधीच लहान ठेवणारी सोय) सुरू करा किंवा लॅपटॉपच्या इंटरफेसचा एमटीयू १४०० करून पाहा.

आणि फोटो काढून झाला की सगळ्याच्या आधी गोठलेल्या खिडकीत एकदाच कंट्रोल-क्यू दाबून बघा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की टर्मिनल छापणं थांबवतं. कंट्रोल-क्यूने ते सुटतं. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस फार जणांकडून दाबलं जातं.

३. व्हर्च्युअल मशीन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हर्च्युअल मशीन स्वतःच्या मालकीचं यंत्र असल्यासारखं वागतं, पण सीपीयू, मेमरी आणि डिस्क तिन्ही खालच्या होस्टकडून, म्हणजे ज्या खऱ्या यंत्रावर ते चालतं त्याच्याकडून, मिळतात, आणि होस्टवर काय चाललंय ते आतून सरळ दिसत नाही. जे दिसतं ते असं वाचायचं.

'अपटाइम'मधले लोडचे तीन आकडे म्हणजे मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी. लिनक्स त्यात सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेस मोजतं, तशाच डिस्कसाठी अडकून पडलेल्याही मोजतं. म्हणून २ कोअरच्या मशीनवर लोड ३० दिसतो आणि सीपीयू मात्र रिकामा, असं होऊ शकतं. लोड वाढला म्हणून घाईने मोठा प्लॅन विकत घेऊ नका.

मग 'व्हीएमस्टॅट १' लावून दहा-पंधरा ओळी येऊ द्या. पहिली ओळ सोडून द्या. ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' हे रकाने सतत हलत असतील तर मेमरी कमी पडतेय आणि स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्कचा वापर, चाललंय. 'डब्ल्यूए' मोठा असेल तर डिस्कची वाट. 'बी' मध्ये डिस्कपाशी अडकलेल्या प्रोसेस. आणि 'एसटी' म्हणजे स्टील.

स्टील म्हणजे तुमचं मशीन कामाला तयार होतं, पण होस्टने तो वेळ दुसऱ्या कुणाला दिला. वाडीतल्या सामाईक विहिरीवर शेजाऱ्याचा पंप जोरात चालला की आपल्या पंपाला पाणी ओढत नाही, तसं. एक-दोन टक्के येऊन-जाऊन असतातच. दहाच्या वर सतत टिकला तर माझ्या मते होस्टिंगवाल्यांना लिहायची वेळ आली.

पण थांबा, स्टीलचं आणखी एक कारण आहे. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतल्या टी२, टी३ सारख्या मशीनना सीपीयू क्रेडिटवर मिळतो. टी३.मायक्रोचा पाया प्रत्येक व्हीसीपीयूला १० टक्के. त्याहून जास्त वापरलं की जमा क्रेडिट खर्च होतात. टी२ मुळात स्टँडर्ड पद्धतीवर असतं, म्हणजे क्रेडिट संपले की मशीन पायावर येतं आणि स्टील वाढलेला दिसतो. टी३ मुळात अनलिमिटेड असतं, तिथे वेग टिकतो पण बिल वाढतं. डिस्कचंही तसंच: जीपी२ डिस्कला दर जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याची कामं), किमान १००, आणि क्रेडिट असेपर्यंत ३००० पर्यंत उसळी. ३० जीबीची डिस्क दिवसभर उसळीवर चालते आणि संध्याकाळी अचानक १०० वर बसते. इथे स्टील दिसत नाही, 'डब्ल्यूए' वाढतो. 'आयओस्टॅट -एक्स १' मध्ये अवेटचे रकाने (डिस्कच्या एका कामाला लागलेला वेळ) पाहा, आणि पॅनलमधला क्रेडिटचा आलेख उघडा. जीपी३ डिस्कला ३००० आयओपीएस पायातच मिळतात, म्हणून नवीन मशीनला तीच घ्या.

मेमरीबद्दल एक इशारा. इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन) बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा, मेमरीच्या ७०-८० टक्के ठेवा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो फक्त डेटाबेससाठी राखलेल्या मशीनचा आहे. १ किंवा २ जीबीच्या मशीनवर वेबसर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल एकत्र नांदत असतील तर त्या सल्ल्याने मशीन स्वॅपमध्ये जातं आणि मॉनिटरिंग टूल सगळ्यात आधी रखडतं. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' असं दिसलं तर कर्नलने कुणाला तरी मारलंय. बहुतेक वेळा तो डेटाबेसच असतो, कारण सगळ्यात जाडजूड तोच.

आता रात्रीचं गोठणं. ठरावीक वेळी, काही सेकंद सगळंच थांबतं आणि मग काही घडलंच नाही असं सुरू होतं. लॉगमध्ये काही सापडत नाही. असं असेल तर स्नॅपशॉटवर संशय घ्या. स्नॅपशॉट घेताना, आणि विशेषतः व्हीएमवेअरवर जुना स्नॅपशॉट मिटवून एकत्र करताना, होस्ट अख्ख्या मशीनला क्षणभर थांबवतो. मशीनच थांबलेलं, तर लॉग लिहिणार कोण? पकडायची युक्ती: टीमक्समध्ये दर सेकंदाला वेळ छापून फाइलमध्ये टाकणारं दोन ओळींचं लूप रात्रभर चालू ठेवा. सकाळी फाइलमध्ये जिथे सेकंद गळलेले दिसतील तिथे मशीन थांबलं होतं. ती वेळ आणि बॅकअपची वेळ जुळली की काम झालं. सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेचं टूल रोज रात्री २ च्या सुमारास गोठायचं आणि सगळे क्वेरींना दोष देत होते. निघाला तो होस्टिंगवाल्यांचा रात्रीचा बॅकअप.

ज्यांचा सर्व्हर ऑफिसातच आहे, प्रॉक्समॉक्स घालून दोन-तीन व्हर्च्युअल मशीन केलेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली: होस्टची डिस्क थिन पद्धतीने, म्हणजे लागेल तशी जागा देत, वाटलेली असेल तर सगळ्या मशीनना मिळून दिलेली जागा प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त असू शकते. होस्टची जागा संपली की मशीन जागच्या जागी थांबवलं जातं आणि प्रॉक्समॉक्समध्ये 'आयओ-एरर' दिसतं. आत 'डीएफ' बघितलं असतं तर भरपूर जागा दिसली असती. होस्टवर जागा करा, मग मशीन पुढे चालू करा. दुसरी: रेड कार्डाची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाची, बॅटरी. वारंवार लाइट जाणाऱ्या भागात ती लवकर म्हातारी होते असं माझं निरीक्षण आहे. ती कमजोर झाली की कार्ड लिहिण्याचा कॅश बंद करतं आणि डेटाबेसचं प्रत्येक कमिट थेट डिस्कवर जाऊन संथ होतं. बाहेरून सगळं ठीक, आत मात्र कासवगती. पावसाळ्याआधी बॅटरीची स्थिती पाहून घ्या.

४. टूल

मशीन ठीक असेल तर टूलची प्रोसेस शोधा. 'पीएस'मध्ये स्टॅट (प्रोसेसची अवस्था) आणि डब्ल्यूचॅन (कर्नलमध्ये कुठे थांबलीय) हे रकाने मागा. स्टॅटमध्ये 'टी' असेल तर कुणीतरी कंट्रोल-झेड दाबलंय. 'एफजी' टाइप केलं की टूल परत येतं. 'एस' म्हणजे कशाची तरी वाट पाहत झोपलंय, हे नेहमीचं. 'डी' म्हणजे कर्नलच्या आत, बहुधा डिस्क किंवा नेटवर्क डिस्कपाशी अडकलंय. 'डी'मधल्या प्रोसेसला 'किल -९' देऊन सहसा काही होत नाही. ज्याची वाट पाहतेय ते सुटेपर्यंत ती हलत नाही. १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकली तर कर्नल तसं 'डीमेसेज'मध्ये लिहितं.

'एस' असेल तर रूट होऊन 'एसट्रेस -पी' आणि प्रोसेसचा क्रमांक. शेवटची ओळ अर्धवट थांबलेली दिसेल, तीच उत्तर आहे.

- ३३०६ किंवा ५४३२ पोर्टच्या सॉकेटवर 'रीड', 'पोल' किंवा 'रिसीव्ह'मध्ये थांबलंय: टूल डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहतंय. पाचवी पायरी. सॉकेट कुठला ते 'एलएसओएफ' सांगतं.
- ५३ पोर्टकडे विचारणा: डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधणं. ते करणारा रिझॉल्व्हर मुळात ५ सेकंद थांबतो आणि दोनदा विचारतो, म्हणून एकच नेमसर्व्हर असेल आणि तो मेलेला असेल तर प्रत्येक कनेक्शनला १० सेकंदांची खोट.
- टर्मिनलवर 'राइट': पलीकडचं कनेक्शन तुटलंय किंवा कंट्रोल-एस. दुसरी पायरी पुन्हा वाचा.
- 'स्टॅटएफएस': टूल डिस्कची जागा मोजायला गेलं आणि मेलेल्या एनएफएस माउंटवर (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) अडकलं. 'डीएफ'सुद्धा तिथेच अडकेल, म्हणून 'डीएफ -एल' वापरा.
- 'गेटरँडम' किंवा 'डेव्ह/रँडम'चं वाचन: जुन्या कर्नलवरचं, विशेषतः जावामधल्या टूलचं दुखणं. व्हर्च्युअल मशीनला माउस-कीबोर्ड नसल्यामुळे यादृच्छिक आकड्यांचा साठा लवकर आटतो. लिनक्स ५.६ पासून सुरुवातीचा साठा एकदा तयार झाला की हे थांबणं बंद झालं. पण सेंटओएस ७ चं कर्नल ३.१० आहे आणि त्याचा आधारही ३० जून २०२४ ला संपला. तिथे असे आकडे पुरवणारं हॅवेज्ड बसवा किंवा होस्टकडून तेच काम करणारं व्हर्टिओ-आरएनजी मागा, आणि सिस्टिम बदलायच्या तयारीला लागा.

डीएनएसबद्दल थोडं अधिक. टीसीपीने येणाऱ्या प्रत्येक नव्या क्लायंटचं नाव मायएसक्यूएल उलट शोधून काढतं. 'स्किप_नेम_रिझॉल्व्ह' सुरू केलं की हे बंद होतं. पण त्याआधी युजरची यादी पाहा: नावाने दिलेले हक्क मग जुळत नाहीत, आयपीने द्यावे लागतात. १२७.०.०.१ वरून येणारं टूल 'लोकलहोस्ट'च्या खात्यात बसत नाही आणि लॉगिन नाकारलं जातं. लोकलहोस्ट लिहिलं तर मायएसक्यूएलचा क्लायंट युनिक्स सॉकेट वापरतो, आकडे लिहिले तर टीसीपी. एकाने चालतं आणि दुसऱ्याने गोठतं यावरूनच अर्धं निदान होतं.

एसट्रेस मॉनिटरिंग टूलला लावा, चालू कामाच्या डेटाबेस सर्व्हरला लावू नका. त्याने प्रोसेस खूप मंदावते.

५. डेटाबेस

दुसऱ्या खिडकीतून साध्या क्लायंटने 'सिलेक्ट १' विचारा. लगेच उत्तर आलं तर डेटाबेस जिवंत आहे आणि टूलची विशिष्ट क्वेरीच अडलीय.

मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' पाहा. बऱ्याच ओळींसमोर 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' दिसलं तर कुणीतरी टेबलचा आराखडा बदलायला गेलंय आणि त्याच्या आधीचं एखादं उघडं ट्रान्झॅक्शन त्याला अडवतंय. मागचे सगळे त्या रांगेत. 'लॉक_वेट_टाइमआउट' मुळात ३१५३६००० सेकंद असतं, म्हणजे एक वर्ष, त्यामुळे आपोआप सुटेल या आशेवर राहू नका. 'इनोडीबी_टीआरएक्स' टेबलमध्ये सगळ्यात जुनं ट्रान्झॅक्शन शोधा. बहुतेकदा ते 'स्लीप'मध्ये दिसणारं, कुणीतरी उघडं टाकून जेवायला गेलेलं कनेक्शन असतं. कुणाचं आहे ते विचारून मगच तेवढंच 'किल' करा.

पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असलेली जुनी ओळ शोधा आणि 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स'ने कोण कुणाला अडवतंय ते काढा. आधी 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' वापरा, त्याने चालू क्वेरी थांबते. झोपलेल्या कनेक्शनला त्याचा उपयोग नाही, तिथे 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड'. लिनक्सच्या 'किल -९'ने पोस्टग्रेसची एक प्रोसेसही मारू नका: एक अशी मेली की पोस्टग्रेस सगळ्यांची कनेक्शन तोडून रिकव्हरीत जातं. एका गोठलेल्या पडद्यासाठी काउंटरवरचे सगळे व्यवहार तुटतात.

कधी कधी टूलच जड प्रश्न विचारत असतं. मायएसक्यूएल ५.६.६ च्या आधी 'इनोडीबी_स्टॅट्स_ऑन_मेटाडेटा' मुळात सुरू असायचं, आणि टेबलांची माहिती विचारली की आकडेवारी नव्याने मोजली जायची. तसे जुने सर्व्हर अजून चालू आहेत, तिथे ते बंद करा. पीजी_ॲक्टिव्हिटी डेटाबेसचा आकार मोजतं, म्हणजे हजारो फाइलींची विचारपूस. संथ डिस्कवर 'नो-डीबी-साइझ' हा पर्याय देऊन चालवा. स्वतः लिहिलेल्या डॅशबोर्डमध्ये 'पीजी_टोटल_रिलेशन_साइझ' असेल तर ते 'व्हॅक्यूम फुल' किंवा 'ऑल्टर टेबल' चालू असलेल्या टेबलापाशी थांबून राहतं.

'डीएफ -एच' (जागा) आणि 'डीएफ -आय' (किती फाइलींची सोय उरलीय) दोन्ही पाहा. डिस्क भरली की मायएसक्यूएल एरर देऊन मोकळं होईलच असं नाही. बऱ्याचदा ते थांबून राहतं, दर मिनिटाला जागा झाली का पाहतं आणि दर १० मिनिटांनी लॉगमध्ये एक ओळ लिहितं. बाहेरून हे हुबेहूब हँग दिसतं. जागा करताना बिनलॉगच्या (मायएसक्यूएलमधल्या बदलांची नोंद) फाइली हाताने उडवू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' वापरा. ८.० मध्ये त्या मुळात ३० दिवस राहतात, लहान डिस्कवर हे कमी करा. पोस्टग्रेसच्या 'पीजी_वॉल' फोल्डरला तर हात लावायचाच नाही, त्यात डेटाबेसचा जीव आहे.

६. घड्याळ

मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की आतलं घड्याळ मागे राहू शकतं आणि मग उडी मारतं. दर सेकंदाचे दर काढणारी टूल अशा वेळी उणे आकडे दाखवतात किंवा अडतात. 'क्रॉनीसी ट्रॅकिंग'ने घड्याळ किती चुकतंय ते पाहा. केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) क्लॉकसोर्स, म्हणजे मशीन वेळ जिथून घेतं ते, 'केव्हीएम-क्लॉक' किंवा 'टीएससी' असावा. १ जुलै २०१२ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या ठोक्याला लीप सेकंद (घड्याळं जुळवायला वाढवलेला एक सेकंद) जोडला गेला, तेव्हा जगभर कितीतरी लिनक्स सर्व्हरवर मायएसक्यूएल आणि जावाने सीपीयू खाऊन टाकला, आणि नुसती तारीख पुन्हा सेट केल्यावर ते शांत झाले.

७. पुन्हा होऊ नये म्हणून

मॉनिटरिंगला वेगळा युजर द्या, मुख्य युजर कधीच नको. पोस्टग्रेस १० पासून 'पीजी_मॉनिटर' ही भूमिका तयारच मिळते. त्या युजरला 'स्टेटमेंट_टाइमआउट' ५ सेकंद लावा. मुळात ते बंद असतं. मायएसक्यूएलमध्ये 'मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम' आहे, मिलिसेकंदांत, आणि ते फक्त सिलेक्टला लागू होतं. एका युजरला किती कनेक्शन यावरही मर्यादा घाला.

कनेक्शन संपल्यावरही आत शिरता यावं याची सोय ठेवा. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१, पोस्टग्रेसची १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून प्रशासनासाठी वेगळा पत्ता ठेवता येतो, पोर्ट ३३०६२. तो फक्त १२७.०.०.१ वर ठेवा. डेटाबेसचा कुठलाही पोर्ट इंटरनेटवर उघडा नको. घरून पाहायचं असेल तर एसएसएच टनेल.

टूलचा पडदा दर सेकंदाला ताजा करू नका, ५ किंवा १० सेकंद पुरे. शक्य असेल तर आकडे फाइलमध्ये साठवत राहा, म्हणजे पडदा गोठला तरी मागचं हाती राहतं.

८. होस्टिंगवाल्यांना लिहिताना

"सर्व्हर स्लो आहे" असं लिहिलं तर "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असंच उत्तर येतं. तिकिटात हे द्या: मशीनचा आयडी, गोठण्याची वेळ यूटीसी आणि भारतीय दोन्हीत, त्या वेळचं व्हीएमस्टॅट आणि आयओस्टॅट, सेकंद गळलेल्या लूपची फाइल, आणि सरळ प्रश्न: त्या वेळी या होस्टवर स्नॅपशॉट, बॅकअप किंवा स्थलांतर चालू होतं का? होस्टवर आहे त्यापेक्षा जास्त सीपीयू मशीनना वाटून दिलाय का? प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं.

स्टील हटतच नसेल तर मशीन दुसऱ्या होस्टवर हलवायला सांगा. एडब्ल्यूएससारख्या ठिकाणी हे स्वतःही करता येतं: नुसतं रीबूट केलं तर मशीन त्याच होस्टवर राहतं, पूर्ण स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं तर सहसा दुसऱ्यावर जातं. मात्र स्टॉप केल्यावर सार्वजनिक आयपी बदलतो, म्हणून आधी इलॅस्टिक आयपी (न बदलणारा पत्ता) लावलेला आहे ना ते पाहा, डेटाबेस नीट बंद करा, आणि हे काम पतसंस्थेचे काउंटर बंद झाल्यावर करा.